सत्येंद्रनाथ बोस आणि दोन वर्षांची अभ्यासरजा

एखाद्या ग्रंथालयाने परक्या माणसाला पुस्तक घरी नेऊ द्यावे, ही गोष्ट इतरांना किरकोळ वाटेल. ग्रंथालयाच्या सभासदाला मात्र तिचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. १९२५ साली बर्लिनमध्ये राहावयास आलेल्या एका भारतीय अध्यापकाला अशी मुभा मिळाली. तो त्या विद्यापीठाचा विद्यार्थी नव्हता, तेथे नोकरीसही नव्हता. त्याच्याजवळ एक शिफारसपत्र होते आणि त्यावर आल्बर्ट आइन्स्टाइन यांची सही होती. त्या पत्राच्या आधारे विद्यापीठाच्या ग्रंथालयाची दारे त्याला उघडली गेली. हा अध्यापक म्हणजे ढाका विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे प्रपाठक सत्येंद्रनाथ बोस.

सत्येंद्रनाथांचे नाव आज विज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. ज्या मूलकणांना बोसॉन म्हणतात ते नाव त्यांच्यावरून पडले आहे. परंतु त्यांच्या चरित्रातील एका प्रकरणाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. १९२४ ते १९२६ या काळात त्यांच्या विद्यापीठाने त्यांना अभ्यासासाठी युरोपात पाठविले आणि त्याचा खर्च सोसला. अध्यापकाला पगारी रजा देऊन परदेशी पाठवावे की नाही, पाठविल्यास त्यातून काय मिळते आणि ते कसे मोजावयाचे, हे प्रश्न विद्यापीठांना आजही पडतात. सत्येंद्रनाथांच्या त्या दोन वर्षांची हकीगत या प्रश्नांवर बराच प्रकाश टाकते.

सत्येंद्रनाथांचा जन्म १ जानेवारी १८९४ रोजी कलकत्त्यास झाला. वडील सुरेंद्रनाथ रेल्वेच्या अभियांत्रिकी खात्यात नोकरीस होते. हिंदू स्कूलमधील शिक्षण संपवून सत्येंद्रनाथ १९०९ साली प्रेसिडेन्सी महाविद्यालयात दाखल झाले. तेथे जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय यांच्यासारखे गुरू लाभले आणि मेघनाद साहा यांच्यासारखा सहाध्यायी. १९१५च्या एम.एस्सी. परीक्षेत सत्येंद्रनाथ पहिले आले, साहा दुसरे. विद्यार्थिदशेतच, १९१४ साली, त्यांचा उषावतींशी विवाह झाला होता. परीक्षेतील अव्वल क्रमांक हाती होता, पण संशोधन करावे तर ते कोठे, हा प्रश्न त्या पिढीपुढे आ वासून उभा होता.

त्या प्रश्नाला कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू सर आशुतोष मुखर्जी यांनी आपल्या परीने उत्तर शोधले होते. सरकारी अनुदानाची वाट पाहत न बसता त्यांनी शहरातील दोन नामांकित वकिलांकडे शब्द टाकला. १९१२ साली तारकनाथ पालित यांनी आपल्या आयुष्याच्या मिळकतीचा मोठा भाग विद्यापीठाला दिला. पाठोपाठ १९१३ साली रासबिहारी घोष यांनी दहा लक्ष रुपये दिले. त्या देणग्यांतून विज्ञान महाविद्यालय उभे राहिले आणि अध्यासने निर्माण झाली. तरुण अध्यापकांना परदेशी धाडण्यासाठी घोष यांच्या नावाची प्रवासी शिष्यवृत्तीही सुरू झाली. आशुतोषांनीच सत्येंद्रनाथ आणि साहा या दोघांना बोलावून घेतले आणि त्यांच्यावर पदव्युत्तर वर्ग शिकविण्याची जबाबदारी टाकली.

परदेशी गेले म्हणजेच विद्या येते, अशी मात्र समजूत करून घेण्याचे कारण नाही. पालित अध्यासनावर चंद्रशेखर व्यंकट रामन यांची निवड झाली तेव्हा परदेशात जाऊन शिक्षण घेण्याची अट पुढे आली. रामन यांनी ती साफ नाकारली आणि विद्यापीठालाच आपली अट मागे घ्यावी लागली. त्याच रामन यांना १९२१ साली ऑक्सफर्डच्या एका परिषदेसाठी विद्यापीठाने पाठविले. त्या प्रवासात भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना जो प्रश्न घातला त्याचा शेवट १९२८च्या शोधात झाला. म्हणजे सक्तीचा प्रवास त्यांनी मानला नाही आणि सहज घडलेला प्रवास फळास आला.

याउलट जगदीशचंद्रांचे भाचे देबेंद्रमोहन बोस यांची कथा. घोष प्रवासी शिष्यवृत्ती घेऊन ते १९१४ साली बर्लिनला गेले. थोड्याच अवधीत महायुद्ध पेटले. ते ब्रिटिश प्रजाजन, म्हणून शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि जर्मनीतच अडकून पडले. पदवी मिळवून परत येईपर्यंत १९१९ साल उजाडले. ज्यांनी पैसे दिले त्यांना त्या काळात आपली रक्कम बुडाली असे वाटले असते तर त्यांना दोष देता आला नसता. पण देबेंद्रमोहन परतले ते पुस्तके घेऊन, आणि माक्स प्लांक यांचा उष्णता व प्रारण या विषयावरील जर्मन ग्रंथ त्यांच्याकडून सत्येंद्रनाथांच्या हाती आला. युद्धकाळात नवी जर्मन पुस्तके कलकत्त्यात पोचतच नव्हती. शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील जर्मन जाणणारे प्राध्यापक ब्र्यूल यांच्या खासगी संग्रहातून उसनवारीने आणलेल्या ग्रंथांवर सत्येंद्रनाथ आणि साहा यांनी आपली भूक भागविली होती. त्यासाठी त्यांनी जर्मन शिकून घेतले, सापेक्षतेवरील मूळ निबंधांचे इंग्रजी भाषांतर केले, आणि कलकत्ता विद्यापीठाने ते १९२० साली प्रसिद्ध केले.

१९२१ साली ढाक्याला नवे विद्यापीठ निघाले. कुलगुरू फिलिप हार्टोग चांगल्या माणसांच्या शोधात होते. सत्येंद्रनाथ प्रपाठक म्हणून तेथे गेले. नव्या विद्यापीठाजवळ इमारती होत्या, उमेद होती. पैसा मात्र बेताचा होता आणि विज्ञानाची नियतकालिके व ग्रंथ यांची वाण होती. अशा ठिकाणी एम.एस्सी.च्या वर्गाला प्लांक यांचा प्रारणाचा नियम शिकविताना सत्येंद्रनाथ अडखळले. नियम बरोबर होता, प्रयोगाशी जुळत होता. परंतु तो सिद्ध करण्याच्या प्रचलित रीतीत एक विसंगती होती. प्रकाशाचे कण असतात असे एका पायरीवर धरावयाचे आणि दुसऱ्या पायरीवर तो लहरींचा बनला आहे असे मानून जुनेच सूत्र वापरावयाचे, हे त्यांच्या मनाला पटेना. जे आपल्याला समजले नाही ते विद्यार्थ्यांना कसे समजावून सांगावे, ही अध्यापकाची टोचणी त्यामागे होती. त्याच सुमारास युरोपातून शिकून आलेले साहा ढाक्याला त्यांच्याकडे उतरले होते. या प्रश्नावर तिकडे कोणते नवे निबंध निघाले आहेत, हे त्यांनी सांगितले.

सत्येंद्रनाथांनी शोधलेली वाट एका साध्या उदाहरणाने सांगता येईल. दोन नाणी उडविली तर दोन्ही छापे, दोन्ही काटे, पहिल्याचा छापा व दुसऱ्याचा काटा, आणि पहिल्याचा काटा व दुसऱ्याचा छापा असे चार प्रकार संभवतात. पण ती दोन नाणी इतकी एकसारखी असतील की पहिले कोणते आणि दुसरे कोणते हे निसर्गालाही सांगता येऊ नये, तर शेवटचे दोन प्रकार वेगळे उरत नाहीत. चाराचे तीन होतात. प्रकाशकणांची गणती सत्येंद्रनाथांनी या दुसऱ्या रीतीने केली आणि प्लांक यांचा नियम कोणत्याही उसन्या सूत्राशिवाय हाती आला. सगळा निबंध मोजक्या पानांचा होता.

४ जून १९२४ रोजी त्यांनी तो आइन्स्टाइन यांच्याकडे धाडला. आपली ओळख नसताना पत्र लिहीत असल्याबद्दल संकोच व्यक्त करून, निबंध योग्य वाटल्यास तो जर्मनमध्ये प्रसिद्ध व्हावा अशी विनंती केली. आइन्स्टाइन यांनी स्वतः भाषांतर केले, ही महत्त्वाची प्रगती आहे असा अभिप्राय जोडला आणि निबंध जर्मन नियतकालिकात छापविला. सत्येंद्रनाथांना त्यांनी एका पोस्टकार्डाने उत्तर पाठविले.

हे पोस्टकार्ड ढाक्यास पोचले तेव्हा सत्येंद्रनाथांचा एक अर्ज विद्यापीठाच्या दप्तरात पडून होता. युरोपात जाऊन संशोधनाच्या नव्या पद्धती शिकून याव्यात यासाठी दोन वर्षांची रजा त्यांनी १९२४च्या आरंभीच मागितली होती आणि तिचा निकाल लागत नव्हता. संस्थेची बाजूही समजून घेतली पाहिजे. नवे विद्यापीठ, तुटपुंजा निधी, शिकविणारे हात थोडे. त्यांतील एक हात दोन वर्षे काढून द्यावयाचा आणि वर खर्चही सोसावयाचा. अर्जदाराच्या नावापुढे डॉक्टर ही पदवी नव्हती. तो परतून येईलच याची हमी कोण देणार? पोस्टकार्ड दाखविताच मात्र सारे चित्र पालटले. रजा मंजूर झाली. स्वतःच्या खर्चासाठी चांगली वृत्ती मिळाली आणि घरी राहणाऱ्या कुटुंबासाठी स्वतंत्र भत्ताही मिळाला. जर्मन वकिलातीत तेच पोस्टकार्ड दाखविल्यावर प्रवासाचा परवाना शुल्क न घेता हाती पडला.

यात अभिमानाबरोबर थोडी खंतही वाटते. वर्गात दररोज शिकविणाऱ्या माणसाची योग्यता त्याच्या संस्थेला दूरदेशीच्या एका कार्डावरून पटावी, ही गोष्ट भूषणावह नाही. प्रत्येक अर्जदाराजवळ असे कार्ड कोठून असणार? तरीही ढाका विद्यापीठाचे श्रेय कमी लेखू नये. रजा देणे आणि घरचा भत्ता देणे यांत फार अंतर आहे. पुष्कळ विद्वानांची परदेशची वाट विद्वत्तेच्या अभावी अडत नाही, मागे राहिलेल्या चुलीच्या काळजीने अडते. सत्येंद्रनाथांनी स्वतःच पुढे सांगितले होते की हा भत्ता नसता तर आपणांस जाताच आले नसते.

ऑक्टोबर १९२४ मध्ये ते पॅरिसला पोचले. थोडे दिवस राहून बर्लिन गाठावे असा बेत होता; पण भारतीय मित्रांच्या सोबतीत मुक्काम लांबला आणि जवळजवळ वर्ष तेथेच गेले. संस्कृतचे थोर पंडित सिल्व्हाँ लेव्ही यांनी त्यांना पॉल लाँजव्हँ यांची ओळख करून दिली आणि लाँजव्हँ यांच्यामुळे मादाम क्यूरींची भेट झाली. मादाम क्यूरी त्यांच्याशी इंग्रजीतून बोलल्या आणि प्रयोगशाळेत येण्यापूर्वी काही महिने फ्रेंच शिकून घ्या असा मायेचा सल्ला त्यांनी दिला. सत्येंद्रनाथांना फ्रेंच उत्तम येत होते! परंतु त्या विदुषीला मध्येच थांबवून ते सांगण्याचा धीर त्यांना झाला नाही. हा भिडस्तपणा त्यांच्या स्वभावाचा भाग होता. नंतर मोरिस द ब्रॉग्ली यांनी आपल्या घरीच उभारलेल्या प्रयोगशाळेत त्यांना प्रवेश मिळाला. क्ष-किरणांच्या साहाय्याने पदार्थाची अंतर्रचना कशी पाहावी, याचे हातात उपकरण घेऊन शिक्षण त्यांना तेथे लाभले. ढाक्यात केवळ कागद-पेन्सिलीवर काम केलेल्या माणसाला ही दुनिया नवी होती.

१९२५च्या ऑक्टोबरात ते बर्लिनला गेले. आइन्स्टाइन त्या वेळी परगावी होते, म्हणून काही आठवडे वाट पाहावी लागली. मग भेटी झाल्या, चर्चा झाल्या. आरंभी सांगितलेले शिफारसपत्र आइन्स्टाइन यांनी याच वेळी दिले. फ्रिट्झ हाबर, ओटो हान, लिझे माइटनर, मायकेल पोलान्यी अशा मंडळींशी परिचय झाला आणि विद्यापीठातील चर्चासत्रांत बसता आले. तो काळही कसा! १९२५च्या उन्हाळ्यात हायझेनबर्ग यांनी आणि १९२६च्या प्रारंभी श्रोडिंगर यांनी पुंजयामिकीची नवी मांडणी पुढे आणली होती. पदार्थविज्ञानाचा पाया बदलत असताना आपल्याकडील एक अध्यापक त्याच गावात, त्याच सभागृहात हजर होता.

आणि तरीही हिशेब मांडावयाचा तर स्पष्टच सांगावे लागते. रजेच्या या दोन वर्षांत लिहिलेला सत्येंद्रनाथांचा एकही शोधनिबंध छापला गेला नाही. निघण्यापूर्वी पाठविलेला दुसरा निबंध आइन्स्टाइन यांनी भाषांतरित केला होता, पण त्याखाली आपला मतभेद नोंदवून. पॅरिसहून पाठविलेले तिसरे टिपण अप्रसिद्धच राहिले. पहिल्या निबंधातील कल्पना आइन्स्टाइन यांनी वायूंच्या अणूंना लावली आणि अतिशीत अवस्थेत अणू एकाच पातळीत गोळा होतील असे भाकीत केले, तेही सत्येंद्रनाथांच्या सहभागाविना. १९२६ साली ते परतले. रजेचा अहवाल केवळ छापील पानांनी मोजणारा हिशेबनीस त्या वर्षी ढाक्यात असता तर त्याने हा खर्च वाया गेला असाच शेरा मारला असता.

प्राध्यापकपदाची जागा निघाली तेव्हाही डॉक्टरेट नसल्याची अडचण आडवी आली. मित्रांच्या आग्रहावरून आइन्स्टाइन यांची शिफारस मिळविण्यात आली. निवडीत पहिले नाव देबेंद्रमोहन बोस यांचे आले. त्यांनी ती जागा घेतली नाही, आणि १९२७ साली सत्येंद्रनाथ प्राध्यापक व विभागप्रमुख झाले. बर्लिनहून पुस्तक आणणाऱ्या देबेंद्रमोहनांचा असा दुसऱ्यांदा त्यांच्या आयुष्याला हातभार लागला.

रजेचे फळ दिसू लागले ते त्यानंतर. सत्येंद्रनाथांनी ढाक्यात क्ष-किरणांची प्रयोगशाळा उभारली. परदेशातून तयार यंत्रे मागविण्यास पैसा नव्हता, म्हणून स्फटिकांच्या अभ्यासासाठी लागणारी साधने विभागाच्या कर्मशाळेतच घडवून घेतली. केवळ समीकरणे मांडणारा हा माणूस पॅरिसहून प्रयोगाचा डोळा घेऊन आला होता. रसायनाच्या विद्यार्थ्यांनाही ते मार्गदर्शन करू लागले. १९४५ साली कलकत्त्याच्या खैरा अध्यासनावर जाईपर्यंत त्यांनी ढाक्यात वर्गांमागून वर्ग शिकविले. विद्यापीठाने दिलेली वर्षे दोन. परतल्यावर तेथे घालविलेली वर्षे जवळजवळ एकोणीस. परदेशी पाठविलेला माणूस परत येईल का, या शंकेला याहून चोख उत्तर कोणते असणार?

त्यांनी स्वतःचे शोधनिबंध थोडे लिहिले हे खरे. प्रसिद्धीचा सोस नव्हता आणि एखादा प्रश्न सुटला की कागद बाजूला सारून दुसऱ्याच्या प्रश्नात मन घालण्याची सवय होती. एसराज वाजवावा, मित्रांच्या मैफलीत रमावे, कोणीही कोणत्याही विषयातील अडचण घेऊन यावे आणि त्यांनी ती सोडवावी, असा त्यांचा दरबार असे. रवींद्रनाथांनी विश्वपरिचय हे विज्ञानावरील बंगाली पुस्तक १९३७ साली त्यांनाच अर्पण केले. मातृभाषेतून विज्ञान सांगता येते, या श्रद्धेपोटी त्यांनी १९४८ साली बंगीय विज्ञान परिषद स्थापन केली. जगातील मोठ्या प्रयोगशाळा पाहून आलेला हा माणूस ज्ञान आपल्या माणसांच्या भाषेत आणण्यासाठी अखेरपर्यंत झटत राहिला.

मानसन्मान आले ते उशिरा. १९५२ पासून सहा वर्षे ते राज्यसभेचे सदस्य होते. १९५४ साली पद्मविभूषण, १९५६ साली विश्वभारतीचे कुलगुरुपद, १९५८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९५९ साली राष्ट्रीय प्राध्यापकपद असा क्रम लागला. नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले नाही. ४ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यास त्यांचे निधन झाले. त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९९५ साली, अमेरिकेतील प्रयोगशाळांत अतिशीत अणूंची ती अवस्था प्रत्यक्षात उतरली आणि बोस व आइन्स्टाइन या दोघांची नावे तिला जोडली गेली. त्या कामगिरीसाठी २००१ सालचे नोबेल पारितोषिक तिघा शास्त्रज्ञांना देण्यात आले.

मागे वळून पाहिले म्हणजे ही एक साखळी दिसते. एका वकिलाने आपली मिळकत दिली. तिच्या आधारे एक तरुण बर्लिनला गेला, युद्धात अडकला आणि एक ग्रंथ घेऊन परतला. तो ग्रंथ ज्याच्या हाती पडला त्याने एक निबंध लिहिला. त्या निबंधामुळे आलेल्या पोस्टकार्डाने त्याला रजा मिळवून दिली आणि त्या रजेतून एका नव्या विद्यापीठात प्रयोगशाळा उभी राहिली. देबेंद्रमोहनांच्या शिष्यवृत्तीचे सर्वांत मोठे फळ दुसऱ्याच माणसाच्या नावे जमा झाले. रासबिहारी घोषांना किंवा ढाक्याच्या कुलगुरूंना यातले पुढचे काही दिसत नव्हते. माणूस पारखावा, त्याच्या घरची काळजी आपल्या शिरावर घ्यावी, त्याला पुरेसा अवधी द्यावा आणि मग त्याच्यावर विश्वास टाकावा, इतकेच त्यांच्या हाती होते.

ग्रंथालयही याहून निराळे काय करते? पुस्तक घरी नेणाऱ्या सभासदाला त्यातून काय निष्पन्न केले असे आपण विचारीत नाही. ते वेळेवर परत यावे एवढीच अपेक्षा ठेवतो. शंभर वर्षे आपल्या संस्थेने अशा विश्वासाने पुस्तके दिली. त्यांतील कोणते पुस्तक कोणाच्या हाती पडून कोठे रुजले, याची नोंद कोणत्याही वहीत सापडणार नाही.